जुनं दुखणं: उपचार कोणता, केव्हा आणि किती

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातल्या माजलगाव, धारूर, वडवणी भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि फडावर एक खाडा झाला तरी हिशोबात तो धरला जातो. म्हणून पीठ-मीठ, भांडीकुंडी यांच्याबरोबर दुखण्याच्या गोळ्यांची पाकिटंही सामानात जातात. पहाटेपासून वाकून कोयता चालवायचा, मोळ्या बांधायच्या, मग डोक्यावर मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढायचं. वर्षानुवर्षं हंगामाचे चार-पाच महिने असे गेले की कंबर, मान, खांदे आणि गुडघे बोलू लागतात. फडावर न जाणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. कापूस वेचणाऱ्या बाया, शिलाई यंत्रावर बसणारे, एसटीचे चालक, दिवसभर उभे राहणारे दुकानदार या सगळ्यांच्या घरात कुणाचं ना कुणाचं दुखणं जुनं झालेलं असतं.

या सगळ्यांना एकच गोष्ट कळकळीने सांगायची आहे. तीन महिन्यांहून जुनं दुखणं एका सुईने संपत नाही. सहा महिन्यांनी तुम्ही जास्त चालू लागलात, खाली बसून उठू लागलात, रात्रीची झोप लागू लागली, तर तो उपचार योग्य. चार दिवस दुखणं दबलं आणि पाचव्या दिवशी पुन्हा त्याच दवाखान्याची पायरी चढावी लागली, तर त्या उपचाराची किंमत पोट, मूत्रपिंडं आणि हाडं मोजत असतात. ही कसोटी मनाशी ठेवून पुढचे पर्याय वाचा.

दुखणं जुनं का होतं

जखम झाली, लचक भरली तर शरीर साधारण काही आठवड्यांत ती भरून काढतं. तीन महिन्यांनंतरही दुखणं टिकलं किंवा पुन्हा पुन्हा येत राहिलं, तर वैद्यकशास्त्र त्याला जुनाट वेदना म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या वर्गीकरणात अशा वेदनेला स्वतंत्र स्थान मिळालं आहे. म्हणजे 'तपासण्या साफ आहेत, तुम्हाला काही झालेलं नाही' असं म्हणून कुणी वाटेला लावावं, असा हा विषय राहिलेला नाही.

एकाच चारीतून रोज पाणी सोडलं की चारी खोल होते आणि थोडं पाणीही तिथूनच धावतं. मज्जारज्जू आणि मेंदूतल्या वेदनेच्या वाटांचंही काहीसं असंच होतं. दीर्घकाळ वेदना वाहून या वाटा इतक्या संवेदनशील होतात की साध्या हालचालीचाही संदेश वेदना म्हणून पोचतो. दुखणं खरंच असतं, पण दर वेळी आत नवी इजा होत असतेच असं नाही. हे समजलं की हालचालीची भीती कमी होते, आणि ती कमी होणं हा उपचाराचाच भाग आहे.

दुखण्याचा प्रकार ओळखणंही गरजेचं आहे. गुडघा, कंबर, खांद्यात काम केल्यावर वाढणारं आणि विसाव्याने कमी होणारं दुखणं बहुधा सांधे-स्नायूंचं असतं. आग होणं, मुंग्या, सुया टोचणं, कमरेतून पायापर्यंत करंट लागल्यासारखं होणं हे नसेचं दुखणं. मधुमेहात पायांची होणारी आग, सायटिका, नागीण बरी झाल्यावर मागे राहणारी जळजळ हे सगळे त्याचेच प्रकार. तिसऱ्या प्रकारात अंगभर दुखतं, झोप लागत नाही, थकवा जात नाही, आणि कुठल्याही एका सांध्यात मोठा बिघाड सापडत नाही. या तिन्हींची औषधं वेगळी आहेत. नसेच्या दुखण्यावर सांध्याची गोळी खात राहिलं तर आराम फारसा पडत नाही आणि त्रास मात्र पदरी येतो.

ही लक्षणं असतील तर थांबू नका

पुढीलपैकी काहीही दिसलं तर गोळी, मालिश, व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टरकडे जा:

- कंबरदुखीबरोबर लघवी तुंबणं किंवा शौच-लघवीवरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बैठकीच्या जागी बधीरपणा येणं. यात काही तासही मोलाचे असतात, त्यामुळे थेट मोठं रुग्णालय गाठा.
- हाता-पायातली ताकद कमी होत जाणं, पाऊल घसटत चालणं.
- संध्याकाळी ताप, वजन घटणं आणि पाठीत एकाच जागी दुखणं. मणक्याचा क्षयरोग असा येऊ शकतो, आणि वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो.
- आधी कर्करोग होऊन गेलेला असणं, किंवा पडल्यानंतर दुखणं सुरू होणं, विशेषतः वयस्कर माणसात.
- हाताच्या बोटांचे लहान सांधे सुजणं, किंवा तरुणपणीच पाठ सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडणं आणि हालचालीने मोकळी होणं. हे संधिवाताचे प्रकार असू शकतात. त्यांना मुळावर काम करणारी औषधं लागतात, वेदनाशामकांनी सांध्यांची झीज थांबत नाही.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं असेल तर एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाला माहीत हवी. या आजारात ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेल्याने जीव गेल्याची उदाहरणं आहेत. वार ठरवा आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

पहिला उपचार: हालचाल

डिसेंबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीबाबत पहिली मार्गदर्शिका काढली. तिच्यानुसार २०२० साली जगात सुमारे ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. मार्गदर्शिकेने रुग्णाला आजार नीट समजावून सांगणं, व्यायाम, मानसिक आधाराचे उपचार यांना पुढचं स्थान दिलं. कमरेचा पट्टा, वजन लावून ओढ देणं आणि अफूजन्य वेदनाशामकं नेहमीसाठी वापरू नयेत, असंही स्पष्ट सांगितलं. आपल्याकडे पट्टा आणि ओढ हेच मुख्य उपचार मानले जातात, म्हणून हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. प्रवासात किंवा एखाद्या जड कामापुरता पट्टा ठीक. महिनोन्‌महिने बांधून ठेवला तर कंबर धरणाऱ्या स्नायूंना काम उरत नाही.

'दिवसभर राबतो, आणखी व्यायाम कशाला' हा प्रश्न रास्त आहे. काम एकाच दिशेचं असतं, तेच स्नायू थकतात आणि बाकीचे कमजोर राहतात. व्यायामाने या कमजोर स्नायूंना बळ द्यायचं असतं. गुडघ्यासाठी बाजेवर किंवा खुर्चीवर बसा, एक पाय समोर सरळ करा, मांडी घट्ट करून मनात पाच आकडे मोजा, सावकाश खाली घ्या. प्रत्येक पायाचं दहादा, दिवसातून दोनदा. कमरेसाठी हात-गुडघ्यांवर रांगण्याच्या स्थितीत या, एक हात पुढे आणि विरुद्ध बाजूचा पाय मागे सरळ करा, पाच आकडे धरून ठेवा, मग बाजू बदला. याच्या जोडीला सपाट रस्त्यावर चालणं, सुरुवातीला दहा मिनिटं. व्यायामानंतर थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत निवळलं तर प्रमाण बरोबर आहे. दुसऱ्या दिवशीही ठणका राहिला किंवा सूज आली तर निम्म्यावर या, पण बंद करू नका. फरक जाणवायला सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात. एकदा तरी फिजिओथेरपिस्टकडून पद्धत समजून घेतलीत तर चुका टळतात.

वजन जास्त असेल तर गुडघ्यासाठी ते उतरवणं मोठं औषध आहे. एका अभ्यासात एक किलो वजन कमी झालं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो, असं दिसलं. पाच किलो उतरले तर दिवसभरातल्या हजारो पावलांचा हिशोब तुम्हीच करा.

गोळ्या: कोणती कशासाठी

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य आहे, पण जुनाट कंबरदुखीत तिचा उपयोग मर्यादित. धडधाकट प्रौढाने २४ तासांत चार ग्रॅमची, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या आठ गोळ्यांची मर्यादा कधीही ओलांडू नये. वजन कमी असेल, दारू असेल, यकृताचा आजार असेल तर मर्यादा याहून बरीच खाली येते. सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांतही हेच औषध असतं, त्यामुळे बेरीज नकळत वाढते.

डायक्लोफिनॅक, असेक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन या सूज उतरवणाऱ्या गोळ्या आपल्या भागात सर्वांत जास्त खाल्ल्या जातात. त्या गुणकारी आहेत, पण थोड्या दिवसांसाठी. रोजच्या सवयीने जठरात व्रण होतात, रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा धोका वाढतो, मूत्रपिंडं दुखावतात. उन्हात घाम गाळून शरीरातलं पाणी कमी झालेलं असताना मूत्रपिंडांना यांचा फटका जास्त बसतो. फडावरच्या माणसाने हे विशेष लक्षात ठेवावं: उपाशी पोटी घेऊ नका, पाणी भरपूर प्या, दोन वेगळ्या नावांच्या अशा गोळ्या एकत्र घेऊ नका. रक्तदाबाची औषधं चालू असतील, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, गर्भारपण असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका. शौच काळं डांबरासारखं झालं तर पोटात रक्तस्राव होत असू शकतो, लगेच रुग्णालयात जा. गुडघा किंवा हाताचा सांधा दुखत असेल तर आधी डायक्लोफिनॅकचं मलम लावून पाहा. आराम मिळतो आणि पोटातून जाणाऱ्या औषधाचे धोके बरेच टळतात.

नसेच्या दुखण्यावर अॅमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन ही औषधं वापरतात. यांतली काही नैराश्यावर, काही फिट्सवर वापरली जातात. केमिस्टने ते सांगितलं म्हणून 'मला वेड्याची गोळी दिली' असा समज करून ती फेकू नका. ती नसांचा क्षोभ शांत करण्यासाठी दिलेली असते. परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. सुरुवातीला गुंगी येते, म्हणून वाहन चालवणं आणि उंचावर चढणं टाळा. बंद करायची तर हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. पायांची आग होत असेल तर रक्तातली साखर आणि बी-१२ तपासून घ्या. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊ शकतं, आणि ते भरून काढलं तर नसांचा त्रास वाढायचा थांबतो.

ट्रॅमाडॉल हे अफूजन्य औषधांसारखं काम करतं. २०१८ पासून ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. बद्धकोष्ठ, चक्कर, कधी फिट, आणि सवय लागणं हे त्याचे धोके. जुनाट कंबर-गुडघेदुखीत ते नेहमीचं औषध होऊ नये.

पुडीतला घात

'एका पुडीत गुण' देणाऱ्या ठिकाणांची कीर्ती तोंडोतोंडी पसरते. अशा बिननावाच्या पुड्यांत आणि गोळ्यांत अनेकदा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडं आढळली आहेत. दोन दिवसांत दुखणं पळतं, भूक वाढते, अंगात तरतरी येते. काही महिन्यांनी चेहरा गोल फुगतो, साखर आणि रक्तदाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात, जंतुसंसर्ग लवकर होतो, आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून खुबाच निकामी होऊ शकतो. स्टिरॉइड वाईट नाही. संधिवातात, दम्यात ते जीव वाचवतं, पण मोजून आणि देखरेखीखाली. म्हणून नियम साधा ठेवा: ज्या औषधाचं नाव लिहून मिळत नाही ते घ्यायचं नाही. अशा पुड्या बरेच दिवस घेतल्या असतील तर एकदम बंदही करू नका, कारण शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं विसरलेलं असतं. डॉक्टरांना खरं सांगा आणि त्यांच्या देखरेखीखाली कमी करत जा.

सुई, प्रक्रिया आणि शस्त्रक्रिया

नितंबात दिली जाणारी वेदनाशामक सुई आणि सांध्यात दिलं जाणारं इंजेक्शन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलं गोळीचंच औषध, फक्त दुसऱ्या वाटेने. ते रोज घेण्यात काही शहाणपण नाही. दुसरं तज्ज्ञाने, स्वच्छ जागी, नेमक्या सांध्यात द्यायचं असतं. त्याचा आराम काही आठवडे ते दोन-तीन महिने टिकतो, आणि एकाच सांध्यात वर्षातून तीन-चारपेक्षा जास्त वेळा ते देत नाहीत. हा आराम मिळालेला काळ व्यायामाने स्नायू बळकट करण्यासाठी वापरला तरच त्या खर्चाचं चीज होतं. सायटिकात मणक्याजवळ देण्याचं इंजेक्शन, किंवा वेदना वाहणारी बारीक नस उष्णतेने बधिर करण्याची प्रक्रिया वेदनातज्ज्ञ करतात. हे बहुधा पुढचं प्रशिक्षण घेतलेले भूलतज्ज्ञ असतात आणि मोठ्या शहरांतल्या रुग्णालयांत मिळतात.

एमआरआयच्या कागदावर 'गादी सरकली' वाचून घाबरू नका. पन्नाशीतल्या, काहीही न दुखणाऱ्या बहुसंख्य माणसांच्या मणक्यांतही झीज दिसते. गादी सरकल्याने होणारं पायाचं दुखणंही बहुतेकांत काही आठवडे-महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय ओसरतं. ताकद कमी होत असेल, लघवीचा त्रास असेल, किंवा नीट उपचार करूनही असह्य राहिलं असेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार. गुडघा बदलण्याची वेळ येते ती घरातल्या घरात चालणं कठीण झालं, रात्री दुखण्याने जाग येऊ लागली, पाय वाकडा झाला आणि बाकीचे उपचार थकले तेव्हा. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने मर्यादा घातली. त्यामुळे बिलात सांध्याची किंमत वेगळी दाखवायला सांगा.

बायांच्या ओटीपोटाचं दुखणं

बीड जिल्ह्यात हे लिहिल्याशिवाय लेख पुरा होणार नाही. २०१९ मध्ये आमदार डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या राज्य शासनाच्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार, जिल्ह्यातल्या पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांतल्या अनेक जणी चाळिशीच्याही आतल्या होत्या. कंबर-ओटीपोट दुखतं, अंगावरून पांढरं जातं, पाळीत खाडा होतो, या कारणांवर पिशवीच काढून टाकण्याचा सल्ला दिला जात होता. यातला बराच त्रास जंतुसंसर्गाचा, लघवीच्या विकाराचा, रक्तक्षयाचा, किंवा ओझ्याने दुखावलेल्या कमरेचा असतो, आणि त्यावर औषधं व व्यायाम आहेत. कमरेच्या स्नायूंचं दुखणं पिशवी काढून जात नाही. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी एकदम बंद होते, अंगाची लाही होते, हाडं लवकर ठिसूळ होतात, म्हणजे दुखण्यात भरच पडते.

तेव्हा कुणी 'पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल' असं म्हणालं तर तीन गोष्टी मागा: गर्भाशयमुखाची तपासणी, सोनोग्राफी, आणि सरकारी रुग्णालयातल्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं दुसरं मत. सासू, जाऊ, नवरा यांनी या तपासणीसाठी तिच्याबरोबर जावं. हा निर्णय एका दिवसात, हंगामाच्या घाईत घ्यायचा नसतो.

झोप, मन आणि कर्करोगाची वेदना

झोप बिघडली की दुसऱ्या दिवशी दुखणं वाढतं, दुखलं की झोप लागत नाही. कर्ज, उचल, मुलांची चिंता यांनी हे चक्र आणखी घट्ट होतं. मनाचा उपचार सुचवला म्हणजे दुखणं खोटं ठरवलं असं नाही. वेदनेच्या वाटा मेंदूतूनच जातात, म्हणून तिथेही काम करावं लागतं. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मराठीतूनही बोलते. संकोच न करता फोन करा.

कर्करोगाच्या वेदनेला मात्र वेगळे नियम आहेत. तिथे मॉर्फिन हे रास्त आणि आवश्यक औषध आहे. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ते देणं सोपं झालं. तज्ज्ञांच्या देखरेखीत दिल्यास व्यसनाची भीती फार थोडी असते. बद्धकोष्ठ होतं, त्यावर सोबतच औषध देतात. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा स्मारक रुग्णालय इथे वेदनाशमनाबद्दल स्वतःहून विचारा. घरातल्या माणसाने कण्हत दिवस काढावेत, असं आज वैद्यकशास्त्र म्हणत नाही.

कुठे जावं, खर्च कसा भागवावा

सुरुवात माजलगावच्या सरकारी रुग्णालयापासून करा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी इथे होऊन जाते. पुढची गरज असेल तर बीडचं जिल्हा रुग्णालय, किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जिथे अस्थिरोग, स्त्रीरोग, मेडिसिन हे विभाग एका आवारात आहेत. त्याहून पुढे संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. तुमची शस्त्रक्रिया किंवा प्रक्रिया यादीत आहे का, हे दाखल होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला किंवा १५५३८८ या क्रमांकावर विचारा. रोजच्या गोळ्या जन औषधी केंद्रातून घेतल्या तर खर्च बराच कमी होतो.

डॉक्टरकडे जाताना आठवडाभराची साधी नोंद बरोबर न्या: कुठे दुखतं, कशाने वाढतं, किती चालता येतं, झोप किती लागते, आणि आतापर्यंत घेतलेल्या सगळ्या गोळ्यांची रिकामी पाकिटं. तिथे हे विचारा: माझं दुखणं कोणत्या प्रकारचं आहे? हे औषध किती दिवस घ्यायचं? कधी थांबवायचं? माझ्या मूत्रपिंडांना आणि पोटाला ते चालेल का? नाही घेतलं तर काय होईल? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

हंगामाला निघणाऱ्यांनी दसऱ्याआधीच तपासणी उरकावी, रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या हंगामभर पुरतील एवढ्या घ्याव्यात आणि तपासणीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत जवळ ठेवावेत, म्हणजे परजिल्ह्यातल्या डॉक्टरला सुरुवात शून्यापासून करावी लागणार नाही. आणि उपचार सुरू केल्यावर दर महिन्याला स्वतःला तपासा: मागच्या महिन्यापेक्षा मी जास्त चाललो का, नीट झोपले का, गोळ्या कमी झाल्या का? दोन-तीन महिने लागोपाठ उत्तर 'नाही' आलं तर तीच सुई पुन्हा टोचून घेऊ नका, उपचार बदलून मागा. तो तुमचा हक्क आहे.